स्टालिन रस्त्याचा मालक

केरेशहात, २५ नोव्हेंबर १९५१

एमोके पोरी,

साखर पोचली. लिंबंही पोचली. एक लिंबू वाटेत कुणीतरी काढून घेतलं, पण पिशवी पुन्हा नीट शिवून ठेवली. तेव्हा त्याला मी माफ केलंय.

आम्ही होतो तिथेच आहोत, आम्ब्रुशच्या घराच्या मागच्या खोलीत. जूनमध्ये सरकारने आम्हाला बुडापेस्टहून इथे आणून सोडलं, तेव्हा मी धसका घेतला होता. या शेतकऱ्याची जमीन गेलेली, आणि वर आम्ही दोन शहरी म्हातारे त्याच्या डोक्यावर. आम्ब्रुशने आमच्या पेट्या उचलल्या आणि म्हणाला, "या, बसा. तुमी बी काळ्या यादीतले, आमी बी काळ्या यादीतले." त्याची बायको रोझाल हिने घेवड्याचं सूप वाढलं. तेव्हापासून चार माणसांची एक चूल आहे.

आता खरं सांगते. तुझे काका जूनपासून बोललेच नव्हते. आयुष्यभर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला माणूस, भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्यात डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, आणि त्याने डोळ्यांवर दाब चढलेला. जिल्ह्याचा डॉक्टर म्हणाला, हिवाळा संपायच्या आत डेब्रेत्सेनला शस्त्रक्रिया करून घ्या, नाहीतर दोन्ही डोळे जातील. पण गावाबाहेर पाऊल टाकायला हवालदार बागदीची परवानगी लागते. अर्ज कधीचा दिलाय. तो खिशात घालून हिंडतो.

मग तुझ्या काकांनी एक दिवस रोझालचं जुनं मेणकापड मागितलं आणि त्याच्या पाठीवर आपला व्यापाराचा खेळ काढला. आठवतो ना? तू तापाने पडली होतीस तेव्हा महिनाभर आपण तोच खेळायचो. बुडापेस्टचे सगळे रस्ते ओळीने, एक घर चुकलं नाही. मालकीचे कागदसुद्धा पुठ्ठ्याचे कापून केले. आम्ब्रुशने मनुक्याच्या लाकडाचे फासे कोरले. सोंगट्या म्हणून घेवड्याचं बी, जर्दाळूची आठळी, कोटाचं बटण आणि सुपारीएवढा खडा.

आणि गंमत बघ. आम्ब्रुश काही विकत घेईचना! "घ्या ना, रिकामा आहे रस्ता," मी म्हटलं. "नगं बाई. माझ्या नावावर काय नगं. नावावर काय आलं की दारात मानूस येतो." काकांनी एक कागद बळेच त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने तो गुपचूप रोझालकडे सरकवला, आणि तिने पावाखाली लपवला. तेव्हा तुझ्या काकांनी टेबलावर मूठ आपटली. "आम्ब्रुश, हा खेळ आहे! इथे मालक होणं गुन्हा नाही!" जूनपासूनचं हे पहिलं वाक्य. मी कोंबड्यांना दाणे घालायचं निमित्त करून बाहेर गेले आणि पोटभर रडले.

आता नियमांवरून आमचं रोज भांडण होतं. लागोपाठ तिसऱ्यांदा फाशांची जोडी पडली तर तुरुंग की नाही? एकाचा रस्ता दुसऱ्याला कसा द्यायचा? तुझ्याकडे खेळाची पेटी असेल, तर बघून लिही.

तुझी शारोल्टा मावशी

*

बुडापेस्ट, ५ डिसेंबर

मावशी,

तुझं पत्र आधी गास्पारने वाचलं. नवरा म्हणून त्याला काय ऐकवायचं ते मी ऐकवलं, पण त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. "तिसऱ्या जोडीला तुरुंग का, रस्ता दुसऱ्याला कसा द्यायचा" असलं कुणी टपालाने विचारतं का? तो म्हणाला, टपाल उघडून वाचणाऱ्याला ही खुणेची भाषा वाटेल. गेल्या महिन्यात त्याच्या कारखान्यातला एक जण याहून साध्या गोष्टीवरून उचलला गेला.

तरी लिहिते, टपालाने नाही, ओळखीच्या हाती, कारण काका बोलले म्हणून मीही रडले. पेटी मिळाली. तिसऱ्या जोडीला तुरुंगच. आणि रस्ता कुणाकडून काढून घेता येत नाही. दोघं कबूल असले तरच अदलाबदल होते. मागायचं, समोरचा किंमत सांगतो, पटली तर द्यायची. बस्स. याविषयी पुन्हा टपालाने लिहू नकोस.

महत्त्वाचं आता. डेब्रेत्सेनच्या दवाखान्यातल्या काकांच्या जुन्या मित्राला निरोप पोचवला. ते अकरा फेब्रुवारीच्या आठवड्यात खाट धरून ठेवतील. त्यापुढे थांबण्यात अर्थ नाही म्हणाले. परवानगी काढा. कसंही करा, पण काढा.

एमोके

*

केरेशहात, ७ जानेवारी १९५२

एमोके,

हे पत्र टपालाने नाही. रोझालची बहीण तिकडच्या बाजारात बदकं आणते, तिच्या टोपलीतून आलंय. त्यामुळे आता मोकळेपणी लिहिते.

डिसेंबरच्या मधल्या रविवारी आम्ही चौघं खेळत होतो आणि दार न वाजवता बागदी आत आला. टोपीवर बर्फ, बुटांचा चिखल रोझालच्या पुसलेल्या जमिनीवर. मेणकापडाकडे बघून म्हणाला, "हा कसला नकाशा?"

 शहरातून हाकललेली माणसं, बुडापेस्टचे रस्ते, घरं, तुरुंग, सगळं कापडावर मांडलेलं. याचं काय होऊ शकतं हे सगळ्यांना कळत होतं. 

"खेळ आहे," तुझे काका म्हणाले.

"कोण जिंकतंय?"

त्यावर आम्ब्रुशने दोन्ही हात वर केले. "माझं काय बी न्हाय, सायेब. माझं पयल्यापासून काय बी न्हाय."

बागदी हसला. इथे आल्यापासून त्याला हसताना मी प्रथमच पाहिलं. तिशीचा असेल. इथल्याच एका सालगड्याचा मुलगा. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मलाही घ्या." सोंगटी म्हणून त्याने स्वतःच्या कोटाचं पितळी बटण काढून ठेवलं. काय करणार? घेतला.

आणि खेळतो कसा म्हणशील! एखादा रस्ता आवडला की सरळ हात घालून माझ्या पुढ्यातला कागद उचलतो. "हा जप्त."

"इथे जप्ती नाही," तुझे काका म्हणाले.

"का नाही?"

"नियम आहे. हवं असेल तर मागायचं. समोरचा किंमत सांगेल."

"मी मागायचं? तुमच्याकडे?" त्याने टोपी मागे सरकवली.  पण कागद त्याने परत टाकला, आणि तेव्हापासून न चुकता दर रविवारी येतो. त्याला खेळ लागलाय. मागत कधी नाही, सूप प्यायल्यावर ताटली पुढे करतो तेवढंच. तुझे काका दर वेळी त्याला हरवतात, अगदी स्वच्छ, नियमाने. हरला की तो रागाने लाल होतो आणि पुढच्या रविवारची वेळ ठरवून जातो.

मी परवानगीचं विचारलं. खिशावर थाप मारून म्हणाला, "आहे की अर्ज. एवढी घाई काय? जजसाहेबांनी आधी मला हा खेळ नीट शिकवावा."

आता सांग, शिकवणाऱ्याला गावाला सोडलं तर तो शिकणार कसा? आणि शिकेपर्यंत डोळे थांबणार का?

शारोल्टा मावशी

*

बुडापेस्ट, १४ जानेवारी

मावशी,

काकांना सांग, हरा! एवढं साधं कळत नाही का त्यांना? त्या माणसाला जिंकायचंय तर जिंकू द्यावं, फासे उलटे टाकावेत, सगळे रस्ते उचलून द्यावेत, काय वाटेल ते करावं. इथे मी त्या खाटेसाठी कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवल्या ते मलाच माहीत, आणि तिथे हे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवरून न्याय करत बसलेत. जन्मभर ताठ राहिले, तेच आज अंगाशी आलंय. हे त्यांना वाचून दाखव. मी लिहिलंय म्हणून सांग.

मला पोलिसांच्या कचेरीत बोलावलं होतं. विशेष काही नव्हतं. पण बदकांच्या टोपलीतूनसुद्धा जरा कमीच लिही.

एमोके

*

केरेशहात, २२ जानेवारी

चिरंजीव एमोके,

अक्षर मोठं आणि वाकडं आहे, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. सांभाळून घे. तुझ्या मावशीने तुझं पत्र वाचून दाखवलं, तेही दोनदा आणि दुसऱ्यांदा मोठ्याने. राग आला नाही. तू माझी मुलगी असतीस तर हेच लिहिलं असतंस, आणि नसलीस तरी तूच माझी मुलगी आहेस.

पण हरून उपयोग नाही, पोरी. मी आयुष्यभर माणसं पाहिली. हा आज मला हरवेल, तर पुढच्या रविवारी पुन्हा हरवायला येईल. हरलेल्या माणसाला कुणी गावाला जाऊ देत नाही, फार मजा असते त्याच्यात. त्याने मला सोडायचं असेल तर माझ्याजवळ असं काहीतरी हवं की जे त्याला पाहिजे, आणि हिसकावता येत नाही. ते काय असेल, मला ठाऊक नाही. मी वाट पाहतोय.

आणखी एक. हे मावशीला कळू देऊ नकोस. मला फाशांवरचे ठिपके दिसत नाहीत. उचलताना बोटाने खळगे मोजतो. कागद कुणाच्या पुढ्यात कुठे आहेत ते पाठ करून ठेवतो. बागदीला अजून समजलेलं नाही. तुझ्या मावशीला वाटतं डावा डोळा गेलाय आणि उजवा बरा आहे. उजव्यातही आता खिडकीएवढाच उजेड उरलाय. मला भीती वाटते, एमोके. हे मी कुणाला सांगितलं नाही.

तुझा काका कोर्नेल

*

केरेशहात, ४ फेब्रुवारी

एमोके,

हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल रविवार. बागदी जिल्ह्याला पक्षाच्या दोन दिवसांच्या वर्गाला गेला होता, तिथून थेट आला. वर्गात त्यांना डोळे उघडे ठेवायला शिकवलं होतं. बसला आणि त्याची नजर तुझ्या काकांच्या पुढ्यातल्या सगळ्यात महागड्या कागदावर गेली. आंद्राशी रस्ता. इतके रविवार तोच कागद तिथेच होता, पण काल त्याला तो दिसला.

"हे काय? आंद्राशी? हा रस्ता आता आहे का?"

"रस्ता आहे," काका म्हणाले. "नाव बदललंय."

"मग त्या जुन्या उमरावाचं नाव कशाला? मुद्दाम?" आवाज चढला. त्याने खिशातून कचेरीची ती जांभळी, न पुसणारी पेन्सिल काढली, जिभेला लावली, कागदावरचं नाव खोडलं आणि वर स्वतःच्या हाताने, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरांत, मोठ्याने म्हणत लिहिलं, 'स्टालिन रस्ता'. मेणकापडावरही तेच लिहिलं. कागद काकांच्या पुढे टाकून म्हणाला, "हं, आता खेळा."

खेळलो. त्याने फासे टाकले आणि त्याचं पितळी बटण नेमकं तिथेच येऊन थांबलं.

"स्टालिन रस्त्यावर आलात," तुझे काका नेहमीच्या आवाजात म्हणाले. "भाडं द्या."

पहिल्यांदा कुणाला काही उमजलं नाही. मग आम्ब्रुशने डोक्यावरची टोपी काढली. "म्हंजी..." तो अडखळला, "त्यो रस्ता जजसाहेबांच्या मालकीचा?"

 बुडापेस्टहून हाकललेला माणूस स्टालिन रस्त्याचा मालक, आणि तसा पुरावा हवालदाराच्या अक्षरात! बागदीच्या कपाळावर घाम आला. "द्या इकडे तो," म्हणून त्याने हात पुढे केला.

"जप्त करताय व्हय?" आम्ब्रुशने विचारलं. इतक्या निरागसपणे की मला अजून कळत नाही, तो निरागस आहे की नाही. "मंग मालक तुमी झालात न्हवं?"

हात हवेतच राहिला.

"फाडून टाकतो."

"काय फाडनार सायेब? नाव तर वाचा."

बागदीने चुलीकडे पाहिलं. रोझालने झाकण उचललं होतं ते हळूच परत ठेवलं. जाळणारही कसं?

"हे नाव खोडून पुन्हा आंद्राशींचं लिहायचं का?" तुझ्या काकांनी विचारलं. थट्टा नव्हती त्यात, ते नियमाचा विचार करत होते. "नाहीतर गहाण टाकता येईल." मी टेबलाखाली त्यांचा पाय तुडवला.

"शेती सोसायटीच्या नावावर करा," बागदी पुटपुटला.

"म्हंजी सोसायटी भाडं घेनार, त्येंच्या रस्त्याचं?" आम्ब्रुश म्हणाला. "मी माझी जमीन दिली सोसायटीला. ती तुमीच लिहून घेतलीत, ह्याच टेबलावर. पर हे मला सुदीक धाडस हुनार न्हाय."

बागदी उठला. कुणाकडे बघितलं नाही. दार उघडंच टाकून गेला. कागद टेबलावर आहे. आम्ही कुणी त्याला हात लावलेला नाही, जेवताना ताटल्या बाजूला मांडतो. तो परवानगी घेऊन येईल की आम्हा चौघांना न्यायला गाडी घेऊन येईल, मला माहीत नाही. तुझे काका म्हणतात, त्यालाही तेवढीच भीती आहे. त्याने मला काय धीर येणार?

शारोल्टा

*

बुडापेस्ट, ९ फेब्रुवारी

मावशी,

बदकवाल्या बाई थांबल्यात, त्यामुळे थोडक्यात. मला दुसऱ्यांदा बोलावलं. तुमच्याशी माझा संबंध नाही, पत्रव्यवहार नाही आणि राहणार नाही, असं मी लिहून दिलं. सही केली. गास्पारचं काम जाणार होतं, घरही जाणार होतं.

खाट शनिवारपर्यंतच आहे. नंतर दुसऱ्या कुणाला देतील.

यापुढे मला लिहू नका. मी उत्तर देणार नाही. येणारही नाही.

एमोके

*

डेब्रेत्सेन, २१ फेब्रुवारी

एमोके,

तू नको म्हणालीस तरी हे एक पत्र लिहितेय, टपालाने नाही. वाच आणि चुलीत घाल. तुझं शेवटचं पत्र मला लागलं. दोन दिवस मी तुझं नाव घेतलं नाही. तुझे काका म्हणाले, "सही केली ते बरं केलं. मीही तिला तेच सांगितलं असतं." मग मी चडफडत का होईना, गप्प झाले.

त्या रविवारी बागदी आला नाही. मंगळवारी आला, भर दुपारी, दार वाजवून. उंबऱ्यातच उभा राहिला. टोपी काढली आणि कागदाकडे बोट दाखवून विचारलं, "याचं काय घ्याल?"

एमोके, त्याने मागितलं. पहिल्यांदा.

मी म्हणणार होते, डेब्रेत्सेन, दोन माणसं, आजच्या आज. पण तुझ्या काकांनी हात वर केला, कोर्टात करायचे तसा. "खेळातल्या वस्तूच्या बदल्यात खेळातलीच वस्तू," म्हणाले. "सरकारी कामाची किंमत मी घेत नाही आणि देत नाही."

मला वाटलं, आता या माणसाला मीच मारते. डोळे जाताहेत, खाट जातेय, समोरचा हात जोडायच्या बेतात आहे, आणि हे तत्त्व सांगतायत! रोझालने एप्रनने तोंड दाबलं.  मग बागदी आत आला, आपल्या जागी बसला. खेळात तुरुंगातून सुटायचा एक कागद असतो, तो ज्याच्याकडे असेल त्याने दाखवायचा आणि बाहेर पडायचं. बागदीने आतल्या खिशातून एक घडी काढली, मेणकापडावर ठेवली आणि म्हणाला, "माझ्याकडे सुटकेचा कागद आहे. तो घ्या, रस्ता द्या."

तुझ्या काकांनी ती घडी हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली नाही. बोटांनी चाचपडत उघडली, परवानगीच्या शिक्क्याचा उठाव लागेपर्यंत बोट फिरवत राहिले. तेव्हा मला कळलं की त्यांना काहीच दिसत नाही. कितीतरी दिवसांपासून दिसत नव्हतं, आणि मी शेजारी बसून सूप वाढत होते. बागदीलाही त्याच क्षणी कळलं. 

"कबूल," तुझे काका म्हणाले. "आता खेळ आला तुम्हाला."

बागदीने स्टालिन रस्ता उचलून कोटाच्या आत ठेवला आणि गेला. आम्ब्रुश त्याच्या पाठीकडे बघत म्हणाला, "बिचारा. आता हे ठेवनार कुटं?" दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ब्रुशनेच आम्हाला बैलगाडीने स्टेशनावर सोडलं.

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. डावा डोळा गेला तो गेला. उजव्याचं डॉक्टर नक्की सांगेनात. सोमवारी पट्टी सोडली, तेव्हा तुझे काका म्हणाले, काहीतरी हलतंय. बस्स, एवढंच. मंगळवारीही तेवढंच. मी रोज त्यांच्यासमोर बोटं धरते आणि ते चिडतात.

काल दुपारी ऊन होतं म्हणून अंगणातल्या बाकावर बसलो. मी त्यांच्यासाठी नाशपती कापत होते. ते एकाएकी म्हणाले, "पाण्याच्या पंपाजवळ एक बाई उभी आहे. तपकिरी कोट. मान डावीकडे कलती धरलीय." मी चाकू खाली ठेवून वळेपर्यंत ती फाटकाबाहेर पडत होती, मला फक्त पाठ दिसली. मी म्हटलं, तपकिरी कोट आज अर्ध्या देशाच्या अंगावर आहे, आणि तुम्हाला कालपर्यंत खिडकी कुठे आहे ते कळत नव्हतं. ते म्हणाले, "शारोल्टा, मला दिसली. तोंडावर हात धरून रडत होती."

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी अंतर विचारलं, स्वतः पंपापर्यंत चालून आले आणि मग हसून माझा हात हातात घेतला.

ती तू होतीस की नाही, ते मला कळवू नकोस. सही केली आहेस, ती पाळ. गास्पारला सांभाळ. परवानगी उद्या संपते, आम्ही केरेशहातला परत चाललो.

आज थंडी जास्त आहे, तरी ते सकाळपासून बाकावर बसलेत, फाटकाकडे तोंड करून. आत चला म्हटलं तर म्हणतात, थोडा वेळ थांब.

तुझी मावशी